रिपोर्ट हिरवा, तरी गाडी डावीकडे ओढते: जुन्या बॉक्स्टरमध्ये दोष कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २००७ची पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे ९८७ पिढीची, चाकं १८ इंची, तुम्ही दुसरे मालक. पावसाळा संपल्यावर चारही टायर नवे घातले आणि त्याच सुमारास गाडी डावीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किंचित उजवीकडे कललेलं असतं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकांचे कोन मोजून बसवून घेतले, दोन्ही रिपोर्टवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत. आता तिसऱ्या गॅरेजने स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बदलायला सांगितलाय, आणि तो बदलावा का असं तुम्ही विचारताय.

आत्ता तरी बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात रॅककडे बोट दाखवणारं काही नाही, आणि रॅक खराब आहे का हे पाच मिनिटांत तपासता येतं. ती तपासणी खाली दिली आहे. तिसऱ्यांदा अलाइनमेंट करायचीही घाई नको. आतापर्यंत दोघांनी कोन मोजले आणि मर्यादेत बसवले. ओढ कशामुळे येते हे कोणी शोधलेलं दिसत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम मशीनवर होत नाही.

हिरव्या रंगाचा अर्थ आधी समजून घ्या. प्रत्येक कोनाला कंपनीने एक मधला आकडा आणि दोन्ही बाजूंना थोडी सूट दिलेली असते. समजा कॅम्बरला, म्हणजे समोरून पाहता चाकाच्या आत-बाहेर झुकण्याला, दोन्हीकडे पाव अंशाची सूट आहे. डावं चाक एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असेल, तर दोन्ही आकडे हिरवेच दिसतील, पण दोघांत अर्ध्या अंशाचा फरक असेल. गाडीला ओढतो तो हा डाव्या-उजव्यातला फरक. कंपनीच्या मधल्या आकड्यापासून दोन्ही चाकं सारखीच दूर असली तर टायर वेगळे झिजतील, पण गाडी सरळ जाईल.

दिशेचे नियम दोनच आहेत. ज्या बाजूच्या चाकाचा माथा तुलनेने जास्त बाहेर झुकलाय, म्हणजे कॅम्बर जास्त धन आहे, त्या बाजूला गाडी ओढते. आणि ज्या बाजूचा कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल) कमी, त्या बाजूला ओढते. पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) मात्र गाडीला ओढत नाही. दोन्ही चाकं एकाच रॅकला जोडलेली असल्याने टोमधला फरक रस्त्यावर आल्याबरोबर दोघांत वाटला जातो. टो चुकला तर टायरच्या कडा खाल्ल्या जातात, स्टेअरिंग तिरकं बसतं, गाडी चंचल वाटते. बहुतेक ठिकाणी "अलाइनमेंट" म्हणून पुढचा टो तेवढा बसवून गाडी परत देतात. तेवढ्यावर तुमची तक्रार जाण्याची शक्यताच नव्हती.

आता तक्रार नेमकी करू या. "ओढते" या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी येतात. हाताला सतत जोर द्यावा लागतो, ती खरी ओढ. जोर लागत नाही, फक्त सरळ जाताना स्टेअरिंग तिरकं दिसतं, तो मध्य चुकल्याचा प्रकार. गाडी कधी डावीकडे कधी उजवीकडे रस्त्याच्या रेघा धरून पळते, ते रुंद टायरचं लक्षण. काँक्रीटवरच्या लांब खाचा आणि डांबरावरचे ट्रकच्या चाकांचे दबलेले पट्टे तुमचे २३५ आणि २६५ रुंदीचे टायर लगेच पकडतात. आणि ब्रेक दाबला किंवा अॅक्सिलरेटर सोडला तरच दिशा बदलते, हा चौथा प्रकार. तुमच्याकडे पहिला आणि दुसरा एकत्र असू शकतात. उजवीकडे कललेलं स्टेअरिंग हा कदाचित डाव्या ओढीला तुम्ही देत असलेला प्रतिकार असेल, किंवा तो स्वतंत्र दोष असेल. म्हणून आधी ओढ काढायची, मध्य शेवटी बसवायचा.

पहिला संशयित रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला आडवा उतार असतो, साधारण दोन ते अडीच टक्के. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये तो सात ते नऊ सेंटिमीटर होतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे हा उतार बहुतेक वेळा डाव्या गटाराकडे असतो आणि सरळ असलेली गाडीही हात सैल सोडल्यावर हळूहळू डावीकडे सरकते. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या डाव्या लेनमध्ये केलेल्या परीक्षेवर म्हणूनच निर्णय घेऊ नका. रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू किंवा पाम बीच रोडचा मोकळा सरळ तुकडा घ्या. ताशी ६० किलोमीटरवर पकड सैल करा, पण हात स्टेअरिंगभोवतीच ठेवा, आणि लेनच्या मध्यापासून डाव्या रेघेपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा. त्या वेगात सहा सेकंदांत शंभर मीटर होतात. तेवढ्या अंतरात गाडी लेनमध्येच राहत असेल तर मी त्याला दोष म्हणत नाही. दोन-तीन सेकंदांत रेघेवर येत असेल तर दोष नक्की आहे. हीच परीक्षा येताना-जाताना दोन्ही दिशांना करा, कारण पुलावर समुद्राचा वारा एका बाजूने रेटतो आणि परतताना तो दुसऱ्या बाजूने येतो. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे घरची किंवा मित्राची सरळ जाणारी साधी हॅचबॅक त्याच तुकड्यावर त्याच लेनमध्ये नेऊन तिचेही सेकंद मोजणं. दोन्ही गाड्यांतला फरक तेवढा तुमच्या गाडीचा.

दुसरा संशयित टायर, आणि तुमच्या बाबतीत तोच सगळ्यात मोठा. ओढ आणि नवे टायर एकाच वेळी आले, हे तुम्हीच लिहिलंय. नवा टायर म्हणजे निर्दोष टायर, असं धरून चालू नका. आतले पट्टे अर्धा-एक मिलिमीटर एका बाजूला सरकून बसले तर टायर अगदी सूक्ष्म शंकूच्या आकाराचा होतो आणि शंकूसारखाच एका बाजूला वळू पाहतो. तो बॅलन्सिंग मशीनवर दिसत नाही, डोळ्यांना दिसत नाही, अलाइनमेंटच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

आधी हवा. पंपावरच्या किंवा पंक्चरवाल्याच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा चांगला गेज ठेवा. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना आणि कोणतंही चाक उन्हात नसताना मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पौंड हवा वाढते. एका बाजूने ऊन खाल्लेली गाडी त्यामुळे फसवते. पुढे-मागे वेगळा दाब असणारच, तो गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. डाव्या-उजव्यात एक पौंडापेक्षा जास्त फरक नको.

मग टायरची बाजू वाचा. असमान नक्षीच्या टायरवर बाहेरची बाजू कोणती ते छापलेलं असतं, दिशादर्शक टायरवर बाण असतो. घाईत एखादा टायर उलटा बसवला जाणं अजिबात दुर्मीळ नाही. पुढची जोडी एकाच मॉडेलची आहे ना, पोर्शेसाठी मान्य केलेल्या टायरवर असणारी एन आणि आकडा ही खूण दोन्हींवर सारखी आहे ना, आणि उत्पादनाचा चार आकडी कोड जवळपासचा आहे ना, हे बघा. त्या कोडमधले पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष.

आता मुख्य परीक्षा. पुढचं डावं चाक उजवीकडे लावा आणि उजवं डावीकडे. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने पुढे-मागे बदल करता येत नाही, पण त्याच ॲक्सलवर डावं-उजवं करता येतं. टायर दिशादर्शक असतील तर ते उलटे फिरतील. कोरड्या रस्त्यावर, कमी वेगात, पाच-दहा किलोमीटरच्या परीक्षेपुरतं ते चालतं, पुढे तसंच चालवायचं नाही. जॅक फक्त ठरलेल्या जागीच लावा आणि खाली स्टँड द्या. गाडी खूप खाली असल्याने जॅक आत जात नसेल तर चाकं आधी लाकडी फळ्यांवर चढवून घ्या. बोल्ट हाताने सुरू करा आणि टॉर्क पान्याने ताऱ्याच्या (एक सोडून एक) क्रमाने १३० न्यूटन मीटरला आवळा. इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका.

पुन्हा त्याच रस्त्यावर जा आणि सेकंद मोजा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचाच, बाकी सगळं थांबवा. ओढ जवळपास नाहीशी झाली तर टायर आणि कोन दोन्ही थोडे-थोडे जबाबदार होते आणि आता एकमेकांना काट देतायत. असमान नक्षीचे टायर असतील तर ते अशा बदललेल्या जागी तसेच चालवायला हरकत नाही, कारण त्यांची बाहेरची बाजू बाहेरच राहते. ओढ जशीच्या तशी राहिली तर मागच्या दोन चाकांचीही अशीच अदलाबदल करा. मागचा शंकू गाडीची शेपटी सरकवतो आणि हाताला ती पुढचीच ओढ वाटते. टायर दोषी निघाला तर विक्रेत्याकडे दावा करताना अदलाबदलीआधीचे आणि नंतरचे सेकंद लिहून द्या. "गाडी ओढते" एवढ्यावर तो तुम्हाला पुन्हा अलाइनमेंटलाच पाठवेल.

चाकं काढलेलीच असतात तेव्हा रिमची आतली कड हात फिरवून बघा. २३५/४० टायरची भिंत जेमतेम ९४ मिलिमीटर उंच असते. पेव्हर ब्लॉकच्या तुटलेल्या कडेवर ती दबते आणि रिम आतून वाकते. बाहेरून रिम चकचकीतच दिसते. टायरच्या आतल्या भिंतीला टेंगूळ आलं असेल तर तो टायर त्याच दिवशी काढा.

ब्रेकवर जास्त वेळ घालवायची गरज नाही, पण वगळूही नका. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली असेल तर कॅलिपरचे पिस्टन जड होतात. पंधरा-वीस मिनिटं शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी चालवा आणि थांबल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचं तापमान बघा. डाव्या आणि उजव्या डिस्कमध्ये दरवेळी वीस-पंचवीस अंशांचा फरक येत असेल तर गरम बाजूचा ब्रेक घासतोय आणि गाडी तिकडे ओढणार. ब्रेक मारल्यानंतर काही सेकंद ओढते आणि मग सोडते, असं असेल तर आतून सुजलेला रबरी ब्रेक पाइप तपासा. दाब जाताना जातो, परत यायला वेळ लागतो.

टायर आणि ब्रेक निर्दोष ठरले की सस्पेन्शन. जुन्या गाडीत पावसाळ्यानंतर ओढ सुरू झाली असेल तर इथे सावकाश बघणं सार्थकी लागतं. आपल्याकडे खड्डा बहुतेक वेळा डाव्या चाकाला मिळतो, कारण पाणी, उखडलेली कड आणि मॅनहोलची झाकणं तिकडेच असतात. खड्ड्याने पुढचं चाक मागे ढकललं की खालचा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा) मागे सरकतो आणि त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो. कॅस्टर कमी झालेल्या बाजूला गाडी ओढते. डावा खड्डा, डावी ओढ: तुमच्या लक्षणांशी हे बरोबर जुळतं. आणि या गाडीत पुढचा कॅस्टर सहज फिरवून बसवायची सोय नसल्यामुळे अलाइनमेंटवाला तो आकडा बघून पुढे जातो, किंवा मोजतच नाही.

हे घरीही तपासता येतं. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, दोन्ही बाजूंनी. कंपनीचा आकडा २४१५ मिलिमीटर आहे. नेमका तोच आला नाही तरी चालेल, पण डावीकडे पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर काहीतरी मागे गेलंय. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. एका बाजूला सात-आठ मिलिमीटरने कमी असेल तर स्प्रिंग बघा. समुद्राच्या हवेत स्प्रिंगच्या तळच्या वेटोळ्यावरचा रंग सुटतो, गंज धरतो आणि शेवटचा तुकडा मोडतो. तो खालच्या बशीत अडकून राहिल्याने वरवर पाहिलं तर कळत नाही. सोसायटीच्या पार्किंगची फरशी गटाराकडे उतरती असते, त्यामुळे उंची मोजण्याआधी गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी लावून चारही चाकांखालची पातळी बघा आणि लागेल तिथे प्लायचे तुकडे सरकवा.

पुढे प्रत्येक बाजूला खाली एक आडवा आर्म आहे आणि एक तिरका. आडवा आर्म चाक आत-बाहेर धरून ठेवतो, तिरका पुढे-मागे. तिरक्या आर्मचा मोठा रबरी बुश (सांध्यातली रबराची गादी) फाटला की चाक ब्रेक मारताना मागे जातं आणि सोडल्यावर पुढे येतं. गाडी पिटवर घ्या, चाकं जमिनीवर टेकलेली असू द्या, एकाला गाडी पुढे-मागे हलवून ब्रेक मारायला सांगा आणि खालून टॉर्च धरून बघा. चाक हवेत लटकत असताना बुशचा प्ले, म्हणजे सैलपणा, पूर्ण दिसत नाही. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) मात्र चाक वर उचलूनच तपासायचे. चाक वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावं-उजवं धरून हललं तर टाय रॉड.

दोन चुका कामगारांकडून होतात आणि त्या भाग बदलूनही ओढ ठेवतात. पहिली: नवे आर्म बसवताना गाडी लिफ्टवर लटकत असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळणं. मग गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, एका बाजूची उंची बिघडते आणि बुश लवकर फाटतो. शेवटचं आवळणं गाडीचा भार चाकांवर असतानाच व्हायला हवं. दुसरी: स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) वरचं जुनं गंजलेलं बेअरिंग तसंच ठेवणं. त्याचं लक्षण वेगळं आहे. डावं वळण घेतल्यावर गाडी थोडा वेळ डावीकडे ओढते, उजवं घेतल्यावर उजवीकडे. स्टेअरिंग स्वतःहून मध्याला येत नाही. तुमची ओढ कायम डावीकडेच असेल तर हे कारण मागे टाका.

मागच्या चाकांकडे लोक बघत नाहीत, आणि बॉक्स्टरसारख्या गाडीत, जिथे इंजिन सीटच्या मागे आणि ताकद मागच्या चाकांना आहे, ती मोठी चूक ठरते. मागच्या दोन्ही चाकांची मिळून होणारी दिशा उजवीकडे असेल तर शेपटी उजवीकडे सरकते, नाक डावीकडे वळतं आणि गाडी सरळ ठेवायला स्टेअरिंग उजवीकडे धरावं लागतं. तुमचं उजवीकडे कललेलं स्टेअरिंग नेमकं असं असू शकतं. रिपोर्टवर हा आकडा थ्रस्ट अँगल या नावाने येतो. ताकद दिली की गाडी एका बाजूला आणि अॅक्सिलरेटर सोडला की दुसऱ्या बाजूला जाते का, हेही बघा. तसं होत असेल तर मागच्या टो आर्मचा बुश किंवा जॉइंट गेलेला असतो, आणि मशीनवर उभ्या गाडीत तो दोष उतरत नाही.

तुमचे दोन्ही जुने रिपोर्ट काढा आणि मागच्या चाकांचे "आधी" आणि "नंतर" हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. दोन्ही ठिकाणी तेच आकडे असतील तर मागे कोणी पाना लावलेलाच नाही. याचं कारण बहुतेक वेळा गंज असतो. मागचा कॅम्बर आणि टो एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकवलेल्या चकतीचे) बोल्ट फिरवून बसवतात, आणि इतक्या वर्षांच्या दमट हवेत हे बोल्ट बुशच्या धातूच्या नळीत घट्ट धरतात. कामगार एकदा जोर लावतो, फिरत नाही म्हटल्यावर पुढचा टो बसवून गाडी देतो. अपॉइंटमेंटच्या दोन-तीन दिवस आधीपासून या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि नवे बोल्ट, एक्सेंट्रिक वॉशर, नट आणून ठेवा. कधीकधी बोल्ट कापावाच लागतो, आणि त्याबरोबर बुश किंवा आर्मही जातो. तो खर्च रॅकच्या खर्चापेक्षा बराच कमी आहे.

एवढं झाल्यावर अलाइनमेंट. टाकी पूर्ण भरून जा. या गाडीत पेट्रोलची टाकी पुढे आहे. ६४ लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ४८ किलो, आणि कंपनीचे आकडे भरलेल्या टाकीचे असतात. पुढची-मागची डिकी रिकामी ठेवा. मशीनमध्ये गाडीचं नेमकं मॉडेल आणि सस्पेन्शनचा प्रकार निवडलाय ना ते स्वतः पाहा. यादीत गाडी नसली की मिळतीजुळती दुसरी निवडली जाते आणि हिरव्या-लाल रंगाला अर्थच उरत नाही. चाकांवर टार्गेट (मोजणीच्या पाट्या) लावल्यावर गाडी मागे-पुढे ढकलून रिमच्या वाकडेपणाची भरपाई घेतलीच पाहिजे. जॅक काढल्यावर गाडी चारही बाजूंनी दाबून स्थिर होऊ द्यावी. आणि ब्रेक पेडलला काठी लावून, स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून कॅस्टर मोजायला सांगा. याला दहा मिनिटं जास्त लागतात, त्याचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवा.

रिपोर्टमध्ये कॅम्बर, कॅस्टर, किंगपिनचा कल (समोरून पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा आतला कल), या कलाची आणि कॅम्बरची बेरीज, सेटबॅक (एक पुढचं चाक दुसऱ्यापेक्षा किती मागे आहे ते) आणि थ्रस्ट अँगल एवढं छापून घ्या. ती बेरीज खूप बोलकी असते. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी, पण एका बाजूला कॅम्बर जास्त आणि कल तेवढाच कमी, असं असेल तर वाकलेलं काही नाही, स्ट्रटचा माथा किंवा खालची चौकट सरकली आहे. बेरीजच अर्ध्या अंशाहून जास्त वेगळी असेल तर नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा स्ट्रट वाकलाय, आणि तो कितीही फिरवाफिरव केली तरी सरळ होणार नाही. आकडे वाचताना एक काळजी घ्या: काही मशीन अंश आणि मिनिटं दाखवतात, काही दशांश. ०.३० अंश म्हणजे १८ मिनिटं. अर्धा अंश म्हणजे ३० मिनिटं. ही गफलत झालेले रिपोर्ट सर्रास फिरतात.

क्रम मागून पुढे. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, मग पुढचा कॅम्बर, आणि स्टेअरिंग मध्यावर बांधून शेवटी पुढचा टो. पुढचा कॅम्बर समोरच्या डिकीत, स्ट्रटच्या माथ्यावरचे तीन नट सैल करून सरकवतात. वाव थोडाच असतो आणि तो सरकला की टोही बदलतो, म्हणून टो शेवटी. पुढचा टो आधी आणि मागचा नंतर केला तर स्टेअरिंग पुन्हा तिरकं येणार.

आकडे तुमच्या सस्पेन्शनच्या पुस्तकातलेच धरा. त्या मर्यादेच्या आत राहून मी डाव्या-उजव्याकडे कडक नजर ठेवतो. पुढच्या कॅम्बरमध्ये १० मिनिटांपेक्षा जास्त फरक नको, कॅस्टरमध्ये ३० मिनिटांपेक्षा जास्त नको, मागच्या टोमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त नको, थ्रस्ट अँगल शून्याच्या जितका जवळ तितका बरा. अंदाजासाठी सांगतो, १८ इंची रिमवर १० मिनिटांचा टो म्हणजे जेमतेम १.३ मिलिमीटर. तुम्ही बहुतेक वेळा एकटेच चालवत असाल तर अंतिम प्रिंटनंतर ड्रायव्हर सीटवर स्वतः बसून आणखी एक प्रिंट घ्या. तुमच्या वजनाने उजवी बाजू थोडी दबते, उजवा कॅम्बर थोडा ऋण होतो आणि गाडीला डावीकडे हलका कल मिळतो. दोष सापडून दुरुस्त झाला असेल आणि रस्त्याच्या उताराचीच सरक उरली असेल, तर उजवा कॅम्बर डाव्यापेक्षा १० मिनिटांनी धन बाजूला ठेवायला हरकत नाही. दोष न शोधता हीच युक्ती वापरून वाकलेला भाग झाकणं मात्र चुकीचं आहे, कारण ब्रेक जोरात लागला की तो भाग आपली खरी दिशा दाखवतो.

राहिला रॅक. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या, स्टेअरिंग मध्यावर ठेवा, हात काढा आणि इंजिन चालू करा. या गाडीचं पॉवर स्टेअरिंग तेलाच्या दाबावर चालतं. रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये दोष असेल तर इंजिन सुरू होताच स्टेअरिंग आपोआप एका बाजूला फिरू लागतं. तसं झालं आणि दरवेळी डावीकडेच झालं, तर त्या गॅरेजचं म्हणणं बरोबर आहे. स्टेअरिंग जागच्या जागी राहिलं तर ओढ व्हॉल्व्हमुळे येत नाही. उरला रॅकच्या आतल्या टाय रॉडचा प्ले, आणि ते रॉड पूर्ण रॅक न काढता वेगळे बदलता येतात. रबरी बूट सरकवून ते हाताने हलवून बघा. बूट फाटून आत पाणी गेलं असेल तर रॉडबरोबर बूटही नवा घाला आणि त्यानंतर पुढचा टो पुन्हा बसवून घ्या.

हे सगळं एका दिवसात करू नका. या रविवारी हवा, हॅचबॅकशी तुलना आणि पुढच्या टायरची अदलाबदल, एवढंच करा. ओढीची दिशा, दोन्ही वेळचे सेकंद, टेपने मोजलेली दोन्ही बाजूंची लांबी आणि चारही उंची इथे लिहा. जुन्या रिपोर्टमधले मागच्या चाकांचे दोन रकानेही टाका. त्यावरून पिटवर काय उघडायचं हे नक्की सांगता येईल.